कोठारणीचा हिशेब

एल्डरमियरच्या मठाची शेवटची कोठारीण मी,
थॉमसीन.
आता विधवा पेट्रोनेलच्या माळ्यावर राहते.
वर्षाला दोन पौंड देतो राजा, तेही उशिरा.
तिच्या डुकरांच्या खोपटाला जो उंबरा आहे
तो मी ओळखते.
रात्रीच्या जिन्याची ती तिसरी पायरी,
मधोमध झिजलेली.
आमच्या पायांनी केलेल्या त्या खळग्यात
पाऊस पडला की पाणी साचतं,
आणि डुकरं पितात.

चारशे वर्षांचा मठ, म्हणतात लोक.
मी म्हणते, सदतीस गुंडाळ्या.
चामड्याच्या, तुकड्याला तुकडा शिवलेल्या,
कोठारातल्या पेटीत उंदरांपासून वाचलेल्या.
थंडीत बोटं आखडून लेखणी चालेनाशी झाली
की मी त्या सोडून वाचत बसायचे.

पहिलीत कुणा सरदाराचं दान:
दलदलीकडची चाळीस एकर, गिरणीचा अर्धा वाटा,
आणि जिचा हुंडा परवडला नाही
ती त्याची धाकटी मुलगी.
मुलीचं नाव लिहायचं राहिलंय.
गिरणीचं लिहिलंय.

मग मेणबत्त्या. खारवलेलं हेरिंग. बार्ली. मेणबत्त्या.
छपराला शिसं. पुन्हा छपराला शिसं.
दर शतकात तोच गळका कोपरा,
उत्तरेचा, खांबाजवळच्या आसनावरचा,
आणि दर शतकात त्या आसनावर
खोकणारी कुणी एक.

एकदा बिशपचा माणूस तपासणीला आला.
त्याला कळलं, हावीसबाई प्रार्थनेला कुत्रं घेऊन बसतात,
आणि स्तोत्रात ते आपला सूर मिसळतं.
त्यानं लॅटिनमध्ये मनाई वाचून दाखवली.
साऱ्या जणींनी मान खाली घालून ऐकली.
कुत्र्याला लॅटिन येत नव्हतं,
आणि स्तोत्रांपलीकडचं आम्हाला तरी कुठे येतं?
पुढच्या वर्षीचा खर्च:
कुत्र्यासाठी पट्टा, दीड पेनी.

एका गुंडाळीत अक्षर मध्येच बदलतं.
बार्लीपर्यंत गोल, ठसठशीत.
खाली वाकडंतिकडं, शाई सांडलेली,
बहुधा कुण्या शिकाऊ पोरीचं.
मरीच्या त्या उन्हाळ्यात अकरा जणी पुरल्या.
खड्डे खणायला माणूस मिळाला नाही,
म्हणून मजुरी शून्य.
समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे,
तिनं लिहिलंय:
गाईंचं दूध काढलं. घंटा मी वाजवली.

माझ्या वाट्याला राजाचे कारकून आले.
तिघे, गुडघ्यापर्यंत चिखल, भुकेले.
मी त्यांना तळ्यातल्या ईलचं कालवण वाढलं.
जेवता जेवता त्यांनी ताटं मोजली.
घंटा एक. झगे नऊ, पैकी दोन कसर लागलेले.
मधाची पोळी मोजताना एकाला माशी चावली,
तेवढंच काय ते समाधान.
छपरावरचं शिसं वितळवायला जळण हवं होतं,
म्हणून त्यांनी आसनं फोडली.
उत्तरेचा तो कोपरा
एका दुपारीत गळायचा थांबला.

मठमाता सिसेलींनी सही केली,
वाळू टाकून शाई वाळू दिली, आणि विचारलं,
आज रात्री घंटा कोण वाजवणार?
सगळ्यात तरुण कारकून
आपल्या टोपीकडे बघत राहिला.

त्यांच्या यादीत चांदीचे चमचे बारा.
माझ्या गुंडाळीत तेरा आहेत.
तीस वर्षांत माझी पेनीची चूक नाही.

पेट्रोनेल विचारते,
लापशीला लाकडी चमचा का चालत नाही गं तुला?
मी तोंडात घास असल्याचं दाखवते.

मध्यरात्री जाग येते अजून.
पाय आपोआप जिना शोधतात,
आणि हाताला लागते शिडी.
खाली एक डुकरीण कुस बदलते.
प्रार्थनेतलं निम्मं विसरलेय.
उरलेलं म्हणते,
चमचा पदराला पुसते,
आणि उशीखाली ठेवते.